बोअरचं पाणी, पावसाचं पाणी: तीन पट्ट्यांच्या नोंदी

७ नोव्हेंबर २०२१, रविवार

काल भाऊबीज झाली. आज सकाळीच भाऊंसोबत वावरात गेलो. दर्यापूर तालुका, पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअरला पाणी लागतंच, पण ते तोंडात घेऊन बघावं लागतं. आमचं २०१५ साली लागलं. तेव्हा घरात पेढे आले होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

तरी सहा वर्षं हेच पाणी हरभऱ्याला देतोय, वर्षाला तीन पाणी. पाइप पोहोचतो तेवढ्याच भागाला. धुऱ्याकडचा, म्हणजे बांधाकडचा, लांबचा तुकडा कायम कोरडवाहू राहिला. आता यंदा प्लास्टिक अंथरलेलं शेततळं झालंय, म्हणून डोक्यात आलं की नुसतं बोलण्यापेक्षा मोजून बघावं. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, मोजायची खोड आहेच.

तीन पट्टे आखले, प्रत्येकी १० गुंठे. 'अ' म्हणजे धुऱ्याकडचा, बोअरचं पाणी कधीच न लागलेला. याला शेततळ्याचं पाणी. 'ब' बोअरजवळचा, याला पूर्वीसारखंच बोअरचं. 'क' हा 'ब'ला लागूनच; पाणी बोअरचं, पण जिप्सम टाकून. पीक तिन्हीकडे सारखं: खरिपात मूग, रब्बीत हरभरा. पाणी दोनच वेळा.

भाऊ म्हणाले, "मोज तू. पण हरभरा माह्या हिशोबानं पेरीन." हरभरा पेरून झालाही आहे.

२१ नोव्हेंबर २०२१

पाण्याचा अहवाल आला. ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप: २.१ डेसिसायमन प्रति मीटर. सामू (पीएच) ८.४. खाली शिक्का: "सिंचनास मध्यम योग्य". शिक्का मारणाऱ्याने फक्त ईसी पाहिलेली दिसते. २.२५ च्या वर गेली तर "अति खारट", आपली त्याच्या आत, म्हणून पास. आयनांचे आकडे मात्र त्याच कागदावर छापलेले आहेत, ते कोणी वाचले नाहीत.

ते असे, मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये: कॅल्शियम १.६, मॅग्नेशियम २.८, सोडियम १६.५. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून ९.४.

कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केलं की उरतं ते अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, आरएससी. ९.४ वजा ४.४ म्हणजे ५.०. अडीचच्या वर पाणी सिंचनाला नको, असं पुस्तक सांगतं. आपलं दुप्पट. याचा अर्थ हे पाणी जमिनीत गेलं की मातीतला कॅल्शियमही चुनखडी बनून बाहेर पडणार आणि मैदान सोडियमला मोकळं होणार. सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती जड), ११.

रात्री जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २९ क्रमांकाच्या पुस्तिकेतला तक्ता काढून बसलो. एसएआर ६ ते १२ असेल आणि ईसी १.९ च्या वर असेल तर पाणी जमिनीत मुरायला अडचण नाही, असं त्यात आहे. आपली ईसी २.१. म्हणजे मुरण्याच्या बाबतीत पास. हायसं वाटलं. भाऊंना फोन करून सांगितलंही.

५ डिसेंबर २०२१

पहिलं पाणी. लाइन रात्री ११ ला आली. स्प्रिंकलरखाली डालड्याचे चार रिकामे डबे ठेवले आणि डब्यात ५ सेंटीमीटर भरेपर्यंत पंप चालू ठेवला. पहाट झाली.

थंडीत बसून हिशोब केला. १० गुंठ्यांवर ५ सेंटीमीटर म्हणजे साधारण ५०,००० लिटर. ईसीला ६४० ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम क्षार मिळतात, ढोबळमानाने. १,३४४ मिलिग्रॅम. एका पाण्यात ६७ किलो.

वर्षाला तीन पाणी, सहा वर्षं: अठरा पाणी, १,२०० किलो. पन्नास किलोची चोवीस पोती या १० गुंठ्यांवर आपण स्वतःच्या हाताने, वीजबिल भरून ओतली. कोणी मिठाची चोवीस पोती बंडीत घालून आणली असती तर भाऊंनी त्याला धुऱ्यावरच अडवलं असतं.

९ जानेवारी २०२२

दुसरं पाणी. 'ब' आणि 'क'मध्ये काही झाडांच्या पानांच्या कडा करपल्या. दिवसा उन्हात स्प्रिंकलर चालवला होता. पानावरचं पाणी वाळतं, क्षार तिथेच राहतात. यापुढे रात्रीच.

२७ फेब्रुवारी २०२२

हरभरा निघाला. अ: १ क्विंटल ८० किलो. ब: १ क्विंटल ३५. क: १ क्विंटल ३०, जिप्सम अजून पडलेलंच नाही. भाऊ म्हणाले, "अ तर दरसाल चांगलाच येते, तिथली माती भारी हाय." असेल. सहा वर्षांपूर्वी मोजलेलं नाही, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे काही नाही.

१० एप्रिल २०२२

मातीचा अहवाल, वरचा १५ सेंटीमीटरचा थर. विनिमययोग्य सोडियमचा टक्का, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा: अ ५.२, ब ११.५, क ११.३. सामू अ ८.२, ब ८.७, क ८.७.

अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली १५ टक्क्यांची रेघ ओढली, त्याच्या वर असेल तर चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली जमीन. आपल्याकडचे छापील तक्ते अजून तीच रेघ धरून बसलेत. पण नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या अभ्यासकांनी याच पूर्णा खोऱ्यात काम करून दाखवलंय की इथल्या फुगणाऱ्या चिकणमातीत पाच टक्क्यांच्या आसपासच निचरा ढासळायला लागतो. म्हणजे 'अ'सुद्धा उंबरठ्यावर उभा आहे आणि 'ब' आत येऊन बसलाय.

आज पाणी मुरण्याचा वेगही मोजायला गेलो. तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा तळ कापला, जमिनीत ठोकला, पाणी ओतलं. दोन मिनिटांत गायब. दुसरीकडे ओतलं, तेही गायब. वहीत "मुरण उत्तम" असं लिहिलंसुद्धा. मग वाकून पाहिलं तर डब्याच्या मधोमध हाताचा पंजा उभा जाईल एवढी भेग. एप्रिलमध्ये काळ्या जमिनीत पाणी ओतणं म्हणजे विहिरीत ओतणं. हे मोजमाप वाफशावरच करायचं, जमीन ओलसर असते पण चिखल नसतो तेव्हा. वरची ओळ खोडली.

२९ मे २०२२

'क'मध्ये जिप्समची सात पोती, ३५० किलो, हाताने फोकून वखराने वरच्या थरात मिसळलं. हिशोबाने जास्त लागत होतं, पण एका दमात एवढंच परवडलं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम चिकणमातीच्या कणावर जाऊन बसतं, सोडियमला उठवतं, उठलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळून खाली जातो. "खाली" म्हणजे किती खाली, हे आत्ता विचारू नये.

१७ जुलै २०२२

थांबतच नाही. तिन्ही पट्टे सारखेच पाण्याखाली. असल्या पावसात प्रयोग वगैरे काही नसतो.

१४ ऑगस्ट २०२२

मूग गेला. तिन्हीकडे.

११ डिसेंबर २०२२

'क'ला बोअरच्या पाण्यातूनच जिप्सम द्यायचा प्रयत्न केला. जमिनीत पडण्याआधी पाण्यातच आरएससी कमी करायची, अशी कल्पना. ५०,००० लिटरची आरएससी ५ वरून अडीचवर आणायला शुद्ध जिप्सम ११ किलो लागतं, बाजारातलं साधारण १५-१६ किलो. गोणपाटात भरून बोअरच्या हौदात डिलिव्हरीच्या धारेखाली टांगलं. अर्ध्या तासात स्प्रिंकलरचे नोझल बुजले. विरघळायच्या आधीच बारीक कण पाइपात गेले. रात्री दीड वाजता बॅटरीच्या उजेडात, वहिनीच्या डोक्यातल्या पिनेने आठ नोझल साफ केले. पिन वाकडी झाली ते वेगळंच.

हौद मोठा असता, पाट-पाणी असतं, तर जमलं असतं. स्प्रिंकलरला हा प्रकार नको. जिप्सम मातीतच टाकायचं.

२ जुलै २०२३, रविवार

आजची नोंद लांब होणार.

पाऊस यंदा उशिरा आला. परवाची सर चांगली होती. टिनावरून पडणारं पाणी दोन कॅनमध्ये भरून ठेवलं होतं, त्याची ईसी मोजली: मीटर ०.०२ दाखवतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. आज वावरात गेलो तर 'ब'मध्ये जमिनीवर पापडी. पातळ, गुळगुळीत, वरून चमकणारी, कडेला उलटून आलेली. बोटाने दाबली तर कडकन मोडली. खालून मुगाचा कोंब पिवळा होऊन वाकलेला. 'अ'मध्ये माती वर अशी रवाळ, कोंब बाहेर. 'क' दोन्हींच्या मधे.

पण 'ब'ला मेमध्ये काही झालं नव्हतं! रब्बीत बोअरचं पाणी दिलं तेव्हा ते व्यवस्थित मुरत होतं, कुठे साचत नव्हतं. बिघडलं ते पावसाच्या पाण्याने.

संध्याकाळी ओट्यावर काचेचे चार ग्लास मांडले. दोन ढेकळं 'अ'ची, दोन 'ब'ची, लिंबाएवढी, सावलीत वाळवलेली. एकेक पावसाच्या पाण्यात, एकेक बोअरच्या पाण्यात. हलवायचं नाही, नुसतं अलगद सोडायचं.

'अ'चं ढेकूळ पावसाच्या पाण्यात फुगलं, पाकळ्या सुटल्यासारखं उमललं आणि बसलं. पाणी जरा गढूळ, पण आरपार दिसतं. 'ब'चं ढेकूळ बोअरच्या पाण्यात टाकलं, ते कोसळलं, त्याचे चुरे तळाला बसले आणि वरचं पाणी निवळ. आणि 'ब'चंच ढेकूळ पावसाच्या पाण्यात: पाचेक मिनिटांत त्याच्याभोवती धुकं जमायला लागलं. दुधात चहा सोडावा तसं ते पसरत गेलं. तासाभराने ढेकूळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येईना.

शेजारचे काका तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "बोअरच्या पाण्यात माती बराबर बसली. पावसाच्या पाण्यात फुटली. म्हंजे पाऊसच खराब हाय म्हणतं का तू?"

वर्गात असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला वीस वर्षांत भेटलेला नाही.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. चिकणमातीचे कण म्हणजे पत्त्यांसारखे सपाट पातळ थर. त्यांच्यावर ऋण भार असतो, तो धरून ठेवायला धन भाराचे आयन लागतात. कॅल्शियम दोन हातांचा, थरांना घट्ट चिकटवून ठेवतो. सोडियम एका हाताचा, शिवाय भोवती पाण्याचा गोतावळा घेऊन बसतो, त्यामुळे थर एकमेकांपासून लांब सरकतात. पण आजूबाजूच्या पाण्यातच क्षार भरपूर असतील तर थर दबलेले राहतात, सुटत नाहीत. बोअरचं पाणी सोडियम आणून बसवतं आणि स्वतःच्या खारेपणाने माती एकत्र धरूनही ठेवतं. विष आणि उतारा एकाच बाटलीत. मग येतो पाऊस. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, तो वरच्या थरातले सुटे क्षार धुऊन नेतो, पण कणाला चिकटलेला सोडियम एवढ्यात जात नाही. दाब गेला, चिकटवणारा कॅल्शियम आधीच कमी. कण सुटतात, पाण्याबरोबर वाहत बारीक छिद्रांत जाऊन बसतात, छिद्रं बुजतात. वर पापडी, खाली चिखल, त्याच्याखाली कोरडं.

२०२१ मध्ये मी तक्ता वाचून भाऊंना फोन केला होता, तो तक्ता चुकीचा नाही. त्यातला आकडा बोअरच्या पाण्यापुरता आहे. त्याच तक्त्यात एसएआर ६ ते १२ च्या रांगेत उजवीकडे सरकलं की ईसी ०.५ च्या खाली "तीव्र" लिहिलंय. आमच्या वावरात दर पावसाळ्यात शून्य ईसीचं पाणी आभाळातून पडतं. सातशे-आठशे मिलिमीटर. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

काका गेल्यावर भाऊ बराच वेळ ग्लासाकडे बघत बसले. "म्हणून पंप चालू असते तवा समदं बरं वाटते," एवढंच बोलले.

३ जुलै २०२३

शाळेत जायच्या आधी पाहिलं. 'ब'-पाऊस ग्लास रात्रभरात निवळलाच नाही. तसाच, ताकासारखा.

२० ऑगस्ट २०२३

पाऊस नाही. महिनाभर आभाळ नुसतं येऊन जातंय. मूग फुलावर. भाऊंनी न विचारता 'ब' आणि 'क'ला बोअरचं एक पाणी दिलं, 'अ'ला शेततळ्याचं. प्रयोगात बसत नाही, पण पीक डोळ्यांदेखत वाळत असताना वही पुढे करायला मी काही तिथे नव्हतो, असतो तरी केली नसती. नोंद: या वर्षी एक पाणी जास्त, ६७ किलो जास्त.

मेमध्ये 'क'ला जिप्समची पुन्हा सात पोती पडली होती, ती वहीत लिहायची राहिली होती. आज लिहिली.

८ ऑक्टोबर २०२३

वाफसा आहे, भेगा नाहीत. तळ कापलेला डबा पुन्हा बाहेर काढला. प्रत्येक ठिकाणी आधी जमीन ओली करून घेतली, मग २ सेंटीमीटर पाणी, घड्याळ लावून.

'अ', पावसाचं पाणी: २ तास १० मिनिटं.
'ब', बोअरचं पाणी: १ तास ५० मिनिटं.
'ब', पावसाचं पाणी, तीन पावलांवर दुसरा डबा: पाच तासांनी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं अजून उभं. अंधार पडला, डबा तसाच ठेवून आलो.
'क', पावसाचं पाणी: ३ तास १५ मिनिटं.

'ब' फक्त बोअरच्या पाण्याने मोजला असता तर ती तिन्हींत सगळ्यात चांगली जमीन ठरली असती. बरेच जण तसंच मोजतात, कारण वावरात हाताशी पाणी तेच असतं.

१८ फेब्रुवारी २०२४

हरभरा. अ: १ क्विंटल ८५. ब: १ क्विंटल १५. क: १ क्विंटल ५०. 'ब'मध्ये खालची ओलच कमी होती. पावसाळ्यातलं पाणी आत गेलंच नाही, तर रब्बीत पीक पिणार काय? मग त्याला बोअरचं पाणी जास्त द्यावंसं वाटतं. ते दिलं की सोडियम वाढतो, पुढच्या पावसाळ्यात आणखी कमी मुरतं. भाऊ सहा वर्षं दोनाऐवजी तीन पाणी का देत होते ते आज कळलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं ऊन वाढलंय.

२१ एप्रिल २०२४

माती, वरचा थर, तिसऱ्या रब्बीनंतर. सोडियमचा टक्का: अ ५.१, ब १२.८, क ७.८.

'ब'ची वाढ दोन वर्षांत सव्वा टक्का. आकडा लहान दिसतो. 'क' साडेतीनने उतरला, चौदा पोती जिप्सम आणि दोन पावसाळे खर्च करून.

सांगली-शिरोळकडे क्षारपड म्हटलं की लोक जमिनीखाली पाइप टाकून निचरा काढायचं बोलतात. तिथे पाटाचं पाणी आणि उसाचं अतिपाणी, भूजल वर चढून आलेलं. इथे तसं नाही, भूजल खोल आहे, ते आपण पंपाने वर आणतो. तिकडचा उपाय इकडे उचलून आणणारे सल्लागार भेटतात, म्हणून लिहून ठेवलं.

३० जून २०२४

पहिला पाऊस. 'ब'मध्ये पापडी, 'क'मध्ये तुरळक. ढेकळांची ग्लास चाचणी पुन्हा केली: 'क'चं ढेकूळ पावसाच्या पाण्यात दोन तासांनी जरा धुरकट, सकाळी निवळ. काका स्वतःच्या वावरातलं ढेकूळ धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आले होते. त्यांचं पंधरा मिनिटांत ताक झालं. काही बोलले नाहीत. ग्लास उचलून उजेडाकडे धरला, परत ठेवला, आणि जिप्सम कुठे मिळते ते विचारलं.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीला सगळे घरी. यंदा भाऊंनी ठरवलंय: हरभऱ्याला पाणी एकच, फुलं लागायच्या आधी, आणि तेही शेततळ्यात पाणी असेल तोवर शेततळ्याचं. बोअर अडीनडीला. 'ब'लाही पुढच्या मेमध्ये जिप्सम. म्हणजे माझा तुलनेचा पट्टा गेला. "तुह्या वहीसाठी दहा गुंठे मारून टाकू काय?" असं म्हणाले, आणि ते बरोबरच आहे.

एक अहवाल मात्र अजून घरात कोणाला दाखवलेला नाही. 'क'मध्ये ३० ते ६० सेंटीमीटरच्या थराचीही माती दिली होती. ईसी २०२२ मध्ये ०.६२ होती, आता ०.९५. वरून उठवलेला सोडियम खाली गेला, आणि तिथेच थांबला असावा. खालची माती वरच्यापेक्षा जास्त चिकण, पाणी तिथून पुढे जायला वाट नाही. हरभऱ्याची मुळं तिथपर्यंत जातात, तुरीची त्याच्याही खाली.

मेमध्ये ९० सेंटीमीटरपर्यंत खड्डा घेऊन दर १५ सेंटीमीटरला नमुना काढायचा. भाऊंना विचारलं, जागा कुठे घेऊ. म्हणाले, "धुऱ्यापासून चौथ्या तासाजवळ घे. आणि खणून झालं का बुजवजो, मागचा डबा अजून तिथंच रुतून हाय."